व्होल्टेज पडतंय? आधी लाल दिवा बघा
डीसी पॉवर सप्लायच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"सप्लाय ४ व्होल्टला लावला, बोर्ड जोडला की १.२ दाखवतो. पीस बदलून द्या."

मोबाइल रिपेअरिंगवाले असोत, टीव्हीवाले असोत की डिप्लोमाचे विद्यार्थी, तक्रार जवळजवळ याच शब्दांत येते. असा सप्लाय आम्ही काउंटरवरच लोडला (म्हणजे करंट घेणाऱ्या वस्तूला) लावून बघतो आणि तो बहुतेक वेळा ठणठणीत निघतो. यात तुमची खेप वाया जाते आणि आमचाही वेळ जातो, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक सप्लायच्या खोक्यात टाकतो. प्लस-मायनस आणि मल्टिमीटर तुम्हाला माहीत आहेत असं धरून लिहिलं आहे.

करंटचा नॉब करंट ढकलत नाही

सप्लायवर तुम्ही दोन हद्दी ठरवता: व्होल्टेज किती होऊ द्यायचं आणि करंट किती जाऊ द्यायचा. प्रत्यक्षात किती करंट वाहणार, हे समोरचा लोड ठरवतो. नॉब ३ ॲम्पिअरवर असला तरी लोडला ०.२ हवा असेल तर डिस्प्ले ०.२०च दाखवणार. "नॉब फुल केला तरी ॲम्पिअर वाढत नाही" ही तक्रार म्हणूनच तक्रार नव्हे.

लोडची मागणी हद्दीच्या आत असते तोपर्यंत सप्लाय व्होल्टेज धरून ठेवतो आणि हिरवा सीव्हीचा (कॉन्स्टंट व्होल्टेज) दिवा लागतो. मागणी हद्दीला टेकली की तो करंट धरतो आणि व्होल्टेज सोडून देतो. तेव्हा लाल सीसीचा (कॉन्स्टंट करंट) दिवा लागतो आणि व्होल्टेज लोडच्या ओहमप्रमाणे खाली येतं. १.२ व्होल्ट दिसण्याचं कारण एवढंच. समोर शॉर्ट असताना सप्लायने जे करायला हवं तेच तो करतोय.

हे एकदा हाताने करून बघा. प्रत्येक सप्लायसोबत आम्ही १० ओहम, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर देतो तो याचसाठी. तो कौलाच्या किंवा टाइलच्या तुकड्यावर ठेवा (चांगलाच तापतो, बोट लावू नका) आणि ९ व्होल्ट द्या. डिस्प्लेवर ०.९० ॲम्पिअर येईल, वॉट दाखवणारं मॉडेल असेल तर ८.१ वॉट, आणि दिवा हिरवा. आता करंटचा नॉब हळूहळू कमी करत ०.५० वर आणा. दिवा लाल होईल, व्होल्टेज ५.० वर येईल, वॉट २.५. व्होल्टेजच्या नॉबला तुम्ही हातही लावलेला नाही. असंच ०.४५ केलंत तर ४.५ व्होल्ट आणि जेमतेम २ वॉट. करंट निम्मा केल्यावर वॉट पाव होतात, कारण व्होल्टेजही निम्मं होतं. आकडे असे जुळले तर सप्लाय चांगला आहे. आम्ही काउंटरवर हेच करतो, वेगळी जादू नाही.

बोर्ड जातात ते इथे

लाल दिवा लागलेला असतो, व्होल्टेज १.२ दिसतं, आणि माणूस ते ४ वर आणायला व्होल्टेजचा नॉब फिरवतो. आकडा हलत नाही, म्हणून आणखी फिरवतो. सीसीमध्ये असताना व्होल्टेजच्या नॉबचा परिणाम दिसत नाही, पण आतलं सेटिंग मात्र चढत राहतं. साध्या मॉडेलवर डिस्प्ले फक्त टर्मिनलवरचं खरं व्होल्टेज दाखवतो, सेट केलेलं दाखवत नाही. नॉब २० व्होल्टवर जाऊन बसला तरी समोर १.२च. मग क्लिप निसटते किंवा शॉर्ट झालेला कपॅसिटर जळून तुटतो, करंटची मागणी एकदम कमी होते, आणि सप्लाय आपल्या सेटिंगप्रमाणे २० व्होल्ट देऊन मोकळा होतो. ४ व्होल्टच्या बोर्डवर २० व्होल्ट गेल्यावर पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दोष सप्लायवर येतो, पण २० मागितले होते, त्याने २० दिले.

म्हणून एकच सवय लावून घ्या: लाल दिवा असताना व्होल्टेजच्या नॉबला हात लावायचा नाही. क्लिप काढा, रिकाम्या सप्लायवर व्होल्टेज बघा, मग पुढचं काय ते ठरवा. करंटचा नॉब एकदम फुल करणं ही वरच्या चुकीचीच धाकटी बहीण. शॉर्ट शोधायला करंट लागतो हे खरं, पण तो पायरीपायरीने वाढवायचा.

आउटपुट चालू-बंद करायचं वेगळं बटण असलेलं आणि सेट केलेला आकडा आधीच दाखवणारं मॉडेल घेतलंत तर हा घोटाळा निम्मा कमी होतो. रोज बोर्डवर काम असेल तर थोडा फरक भरून तेच घ्या, असं आम्ही आवर्जून सांगतो.

करंटची हद्द ठरवायची रीत

बोर्ड जोडण्याआधी हे करायचं.

१. करंटचा नॉब जवळजवळ शून्यावर आणा. अगदी शून्यावर नको. पूर्ण शून्यावर असेल तर काहीही न जोडता लाल दिवा लागतो आणि व्होल्टेज चढतच नाही. "नवा पीस डेड आहे" म्हणून आलेले काही फोन एवढ्यावरच मिटतात.

२. व्होल्टेज ४.० वर लावा.

३. लाल आणि काळी क्लिप एकमेकींना जोडा. व्होल्टेज शून्याजवळ येईल, लाल दिवा लागेल. घाबरू नका, करंटची हद्द याचसाठी असते. आता करंटचा नॉब वाढवत हवा तो आकडा आणा आणि पाच-दहा सेकंदांत क्लिपा सोडवा.

४. व्होल्टेज परत ४.० दिसतंय ना, ते बघा. मग आउटपुट बंद करून बोर्ड जोडा आणि नंतर चालू करा.

शेवटच्या पायरीला कारण आहे. सप्लायच्या आउटपुटला आतून कपॅसिटर असतो. व्होल्टेज चालू ठेवून क्लिप टेकवली की तो भरलेला कपॅसिटर आधी लोडमध्ये रिकामा होतो, करंटची हद्द त्यानंतर कामाला लागते. बोर्डला हे सहसा बाधत नाही, पण सुटा एलईडी या एका झटक्यात जातो.

ओसीपीचं (ओव्हर करंट प्रोटेक्शन) बटण असलेल्या मॉडेलवर ते दाबलेलं असेल तर हद्द ओलांडताच सप्लाय करंट धरून न ठेवता आउटपुटच बंद करतो. ती सोय आहे, बिघाड नाही.

फोन चालू होतो आणि लगेच बंद पडतो

इथे डिस्प्लेवर विसंबलात तर फसाल. टू-जी नेटवर्कवर फोन सलग करंट घेत नाही. ४.६ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेरीत जेमतेम ०.६ मिलिसेकंद तो प्रसारण करतो आणि तेवढ्या क्षणात २ ॲम्पिअरपर्यंत ओढू शकतो. डिस्प्लेचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे तो सरासरी दाखवतो, साधारण पाव ॲम्पिअर. ०.२५ बघून तुम्ही हद्द ०.५ ठेवता. मग प्रत्येक झटक्याला व्होल्टेज कोसळतं आणि फोन रीसेट होतो. लाल दिवाही इतक्या कमी वेळासाठी लागतो की डोळ्याला दिसेलच असं नाही. शॉर्ट नाही याची खात्री झाल्यावर फोन पूर्ण चालवून बघायचा असेल तर हद्द ३ ॲम्पिअर ठेवा. तपासणीच्या सुरुवातीला मात्र ०.५ च्या आसपासच बरी.

तरीही फोन उठत नसेल तर बॅटरी कनेक्टरची मधली पिन बघा. बऱ्याच फोनमध्ये बॅटरीची ओळख किंवा तापमान त्या पिनवरून वाचलं जातं, नुसत्या प्लस-मायनसवर ते चालू होत नाहीत.

लीड

डिस्प्ले सप्लायच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज दाखवतो, बोर्डवरचं नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या क्रोकोडाइल लीडमध्ये (टोकाला क्लिप असलेल्या वायरमध्ये) तांबं फार तर ०.२ चौरस मिलिमीटर असतं. एक-एक मीटरच्या दोन लीड मिळून ०.१७ ओहम होतात. ३ ॲम्पिअर गेले की अर्धा व्होल्ट वायरमध्येच खर्च. डिस्प्ले ४.० सांगतो, बोर्डला ३.५ पोहोचतं, आणि फोन "बॅटरी लो" म्हणून बंद होतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर हाल आणखी वाईट. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लीडवर हाच फरक ०.०७ व्होल्टवर येतो.

म्हणून आम्ही खोक्यातली बारीक लीड काढून जाड लीड जोडून देतो आणि तिचे पैसे वेगळे लावतो. यावर घासाघीस होते, पण तारेवर काटकसर आम्हाला पटत नाही. शंका आली तर मल्टिमीटर टर्मिनलला लावू नका. बोर्डवर, क्लिपच्या पुढे लावा.

जाता जाता: मधलं हिरवं टर्मिनल मायनस नाही. ते बॉडीचं अर्थिंग आहे. लाल आणि हिरव्यात बोर्ड जोडून "सप्लाय काहीच देत नाही" म्हणणारे दर महिन्याला भेटतात. लाल प्लस, काळं मायनस.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

व्होल्टेज आणि करंट सप्लाय मोजतो. वॉट तो मोजत नाही, या दोघांचा गुणाकार करून दाखवतो. करंट मोजायला आत एक अगदी कमी ओहमचा रेझिस्टर, म्हणजे शंट असतो. तो ०.०१ ओहमचा असेल तर ५ ॲम्पिअरला त्यावर फक्त ५० मिलिव्होल्ट येतात. त्यामुळे वरच्या आकड्यांना माप चांगलं असतं, तळाला ढिलं.

तीन आकड्यांच्या डिस्प्लेवर करंटचा शेवटचा आकडा ०.०१ ॲम्पिअरचा असतो आणि त्यात एक-दोनचा फरक चालतो. म्हणजे ०.०० दिसलं तरी १०-२० मिलिअॅम्पिअर गळत असू शकतात. २० मिलिअॅम्पिअरची गळती दिवसाला ४८० एमएएच खाते, ४००० च्या बॅटरीचे १२ टक्के. "पडून पडून चार्जिंग उतरतं" ही तक्रार घेऊन आलेला फोन अशा सप्लायवर निर्दोष ठरतो. लीकेजच्या कामाला मिलिअॅम्पिअर दाखवणारं मॉडेल घ्या, नाहीतर मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा. फक्त बारा व्होल्टचे पंखे आणि एलईडी पट्ट्या तपासायच्या असतील तर तीन आकडी पुरतो, उगाच महाग घेऊ नका.

डिस्प्लेवर १० वॉट आणि पंखा मात्र जोरात, याचंही विचारतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या, म्हणजे लिनिअर सप्लायमध्ये आत १२ व्होल्ट तयार असतील आणि तुम्ही २ व्होल्टला ५ ॲम्पिअर घेत असाल, तर उरलेले १० व्होल्ट गुणिले ५, म्हणजे ५० वॉट आतल्या ट्रान्झिस्टरवर उष्णता बनून जातात. कमी व्होल्टेजला जास्त करंट हा त्याचा सगळ्यात जड भार. नॉब फिरवताना येणारा "टक" आवाज रिलेचा असतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून ही उष्णता आवरायलाच तो बसवलेला आहे.

काही सरळ नकार

टीव्हीच्या बॅकलाइट पट्ट्यांना सप्लायचे ३० व्होल्ट पुरतीलच असं नाही. ६ व्होल्टचे आठ एलईडी सिरीजमध्ये असले की ४८ लागतात. त्यासाठी एलईडी टेस्टर घ्या, तो सप्लायपेक्षा स्वस्त आहे.

बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करायला हा सप्लाय वापरत असाल तर प्लसमध्ये डायोड टाका. लाइट गेली की बॅटरीचा करंट उलटा सप्लायमध्ये शिरतो. डायोडवर ०.७ व्होल्टच्या आसपास जातात, तेवढं व्होल्टेज वाढवून लावा. बॅटरी उलटी जोडून गेलेला सप्लाय आम्ही दुरुस्त करून देतो, पण वॉरंटीत धरत नाही. मागचा ११०/२२० चा स्विच ११० वर सरकवून प्लग लावला असेल तर तेही वॉरंटीत बसत नाही. स्विच २२० वर ठेवून त्यावर आम्ही चिकटपट्टी लावून देतो, ती काढू नका.

तपासणीचे पैसे का घेता, असं विचारतात. सप्लाय खराब निघाला तर घेत नाही. चांगला निघाला तर घेतो, कारण त्यात वीस मिनिटं आणि बाकावरची जागा जाते. ते वाचवायचे असतील तर सप्लायचा समोरून एक फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा: लोड जोडलेला, डिस्प्ले आणि दोन्ही दिवे स्पष्ट दिसणारा. दुसरा फोटो क्लिप काढून. या दोन फोटोंवरून सप्लायचा दोष की बोर्डचा, हे बहुतेक वेळा लगेच सांगता येतं, आणि त्याचे पैसे नाहीत.

दुकानात आणणारच असाल तर पावतीसोबत तुमच्या नेहमीच्या लीडही आणा.