मृत्युपत्राने येणारा वारसा (मराठवाडा)

मृत्यूनंतर आपली मालमत्ता कोणाला मिळावी हे ठरवून ठेवणारा दस्त म्हणजे मृत्युपत्र. करणारा हयात असेपर्यंत ते कितीदाही बदलता येते. मराठवाड्यात त्यावरून तंटा होतो तो मुख्यतः शेतजमिनीचा. सातबाऱ्यावर एकट्याचे नाव असले तरी जमीन सगळी त्याचीच असते असे नाही, आणि बरीच मृत्युपत्रे नेमकी इथेच लंगडी पडतात.

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत हिंदू व्यक्तीला केवळ स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते (हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, कलम ३०). २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार झाली. ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात नसले तरी तिचा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. त्यामुळे ‘सगळं रान दोघा पोरांच्या नावे’ असे लिहून लेकीचा हिस्सा जात नाही. तो जातो बहुधा तिच्याच सहीच्या हक्कसोडपत्राने. स्वकष्टार्जित जमीन मात्र हवी त्याला देता येते.

निजामी काळातील खिदमतमाश जमीन देवस्थान, मशीद वा दर्ग्याच्या सेवेला बांधलेली असते. पुजारी किंवा मुजावर ती खासगी मालमत्तेसारखी मृत्युपत्राने देऊ शकत नाही.

मुस्लिम व्यक्तीची वसीयत तोंडीही चालते. पण अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापलीकडे ती इतर वारसांच्या संमतीशिवाय जात नाही.

लेखी मृत्युपत्राला करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. वाद कोर्टात गेला तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाची साक्ष घ्यावी लागते. म्हणून साक्षीला आपल्याच वयाचे दोस्त बसवण्यात शहाणपण नाही.

मृत्यूनंतर मृत्युपत्र व मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी (सातबाऱ्यावरचे नाव बदलण्यासाठी) अर्ज करतात. हितसंबंधितांना नोटिसा निघतात. हरकत आली की सुनावणी लागते. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. ती नोंद महसुलापुरती; मालकीचा निकाल दिवाणी न्यायालयच देते.

खासगी ट्रस्ट (भारतीय न्यास अधिनियम, १८८२) शेतकरी कुटुंबांत विरळाच. अल्पवयीन किंवा गतिमंद अपत्यासाठी तो उपयोगी पडतो: मालमत्ता विश्वस्तांकडे, लाभ अपत्याला. स्थावर मालमत्तेसाठी नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र लागते.