सुशिक्षित बेरोजगारी (भारत)

शिकलेल्या, काम करण्यास तयार असलेल्या आणि कामाच्या शोधात असलेल्या व्यक्तीला काम न मिळण्याची स्थिती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणात ‘सुशिक्षित’ म्हणजे दहावी किंवा त्यापुढे शिकलेला. महाराष्ट्रात ही संज्ञा सरकारी कागदांतून रोजच्या बोलण्यात आली. सार्वजनिक बांधकामाची काही कामे आजही ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यां’साठी राखून ठेवली जातात.

भारतात शिक्षण वाढते तसा बेरोजगारीचा दरही चढत जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत हा दर ३.४ टक्के होता, माध्यमिक व त्यापुढे शिकलेल्यांत १८.४ टक्के, तर पदवीधरांत २९.१ टक्के. एकूण बेरोजगार तरुणांमध्ये माध्यमिक व त्यापुढे शिकलेल्यांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो ६५.७ टक्क्यांवर गेला. स्त्रियांमध्ये तो ७६.७ टक्के, पुरुषांमध्ये ६२.२ टक्के आहे.

या आकड्यांवरून शिक्षण वाया जाते असे म्हणणे चूक आहे. ज्याच्या घरी चार दिवसांचे धान्य नाही, त्याला बेरोजगार राहणेच परवडत नाही. तो मिळेल त्या रोजाने जातो आणि सर्वेक्षणात कामगार म्हणून मोजला जातो. साप्ताहिक स्थितीच्या, म्हणजे फक्त मागच्या सात दिवसांच्या कामाच्या मोजणीत तर आठवड्यात एक तास काम केलेले पुरते. घरच्या शेतावर बिनपगारी राबणाराही रोजगारातच धरतात. म्हणून निरक्षरांमधला कमी दर हे सुस्थितीचे लक्षण मानता येत नाही.

शिकलेल्याला पगारी, कायम नोकरी हवी असते आणि घरच्यांच्या आधारावर तो काही वर्षे थांबू शकतो. अशा नोकऱ्या मात्र थोड्या आहेत. २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ४६ टक्के कामगार शेतीत होते. नियमित पगार मिळवणारे २२ टक्क्यांच्या आसपास. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसलेली खेड्यापाड्यांतली मुले-मुली या थांबण्याचेच उदाहरण. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. शिपाईपदाला बारावी पुरते, तरी अर्जदारांत पदवीधर होते.

शिकलेल्या मुलींची अडचण अधिक खोल आहे. लग्नानंतर किंवा जवळपास काम नसल्याने शोध थांबवला, की त्या श्रमबलाबाहेर, म्हणजे काम करणारे व काम शोधणारे यांच्या मोजणीबाहेर जातात आणि बेरोजगारांतही मोजल्या जात नाहीत.

तिशीनंतर शिकलेल्यांमधला बेरोजगारीचा दर झपाट्याने उतरतो. त्याचे कारण पदवीला साजेशी नोकरी मिळाली हेच असते असे नाही. राज्यसेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे. ती ओलांडलेला किंवा त्याआधीच थकलेला उमेदवार गावी परततो, भावाच्या शेतात किंवा दुकानात हात लावतो आणि त्या दिवसापासून आकडेवारीत रोजगारातला ठरतो.