बर्न्स सपर : स्कॉटिश एलची निवड

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स (२५ जानेवारी १७५९–२१ जुलै १७९६) याच्या जन्मदिनी किंवा त्याच्या आगेमागे होणाऱ्या विधिवत रात्रभोजनात व्हिस्कीच्या जोडीने, क्वचित तिच्याऐवजी, द्यायच्या बिअरची, मुख्यतः एल या उबदार तापमानाला आंबवलेल्या प्रकारची, निवड. भोजनाचा गाभा ठरलेला असतो : सूप, मग हॅगिस (मेंढीचे काळीज म्हणजे यकृत, हृदय व फुफ्फुस बारीक करून ओटची भरड, चरबी, कांदा आणि भरपूर मिरीसह जठराच्या किंवा कृत्रिम पिशवीत शिजवलेला पदार्थ), सोबत कुस्करलेले पिवळे सलगम व बटाटे, शेवटी क्रॅनाकन ही क्रीम, रास्पबेरी, भाजलेले ओट, मध व व्हिस्की यांची गोड डिश किंवा चीज. बिअर निवडताना मिरी, चरबी आणि काळजाची किंचित कडवट चव या तीन गोष्टी निर्णायक ठरतात.

पहिले भोजन २१ जुलै १८०१ रोजी, म्हणजे जन्मदिनी नव्हे तर पुण्यतिथीला, ॲलोवे येथील बर्न्सच्या जन्मघरी झाले. ते घर त्या वेळी मद्यशाळा म्हणून चालत होते. ग्रीनॉक येथील बर्न्स क्लबाने जन्मदिन म्हणून २९ जानेवारी १८०२ ही तारीख पाळली. पुढे एअरच्या पॅरिश (स्थानिक चर्चच्या) नोंदींवरून २५ जानेवारी निश्चित झाली. या प्रारंभीच्या भोजनांत कोणती एल होती, याविषयी तपशील फारसा मिळत नाही. बर्न्सच्या ‘टॅम ओ’ शँटर’ या कथाकाव्यात व्हिस्कीबरोबर ‘टिपेनी’चा, म्हणजे दोन पेन्सच्या हलक्या एलचा, उल्लेख येतो, सामान्यांची बिअर तीच असावी. आज ‘पारंपरिक’ म्हणून दिली जाणारी गडद, गोडसर, जड एल तिच्यापेक्षा बरीच वेगळी आहे.

शिलिंग-श्रेणींचा वाद : स्कॉटिश एलच्या बाटल्यांवर ६०/-, ७०/-, ८०/-, ९०/- असे आकडे दिसतात (‘/-’ म्हणजे शिलिंग). हे एकोणिसाव्या शतकातील घाऊक भाव होत, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. भाव कशाचा, यावर नाही. काही लेखक तो ३६ गॅलनच्या (सु. १६४ लि.) बॅरलचा मानतात, तर काही ५४ गॅलनच्या (सु. २४५ लि.) हॉग्जहेडचा. याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, त्या काळी एकच आकडा निरनिराळ्या जातींच्या बिअरना लागत असे. ६०/- ची माइल्ड (ताजी विकली जाणारी, कमी कडू एल) आणि ६०/- ची पेल एल (फिकट, कडसर एल) यांत किंमत सोडल्यास फारसे साम्य नव्हते. एकाच गडद एलच्या चढत्या पायऱ्या, हा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. १९७० नंतर पिंपातील जिवंत एलच्या पुनरुज्जीवनात ही नावे पुन्हा पाट्यांवर झळकली. गंमत म्हणजे १९७१ मध्ये शिलिंग हे चलनाचे एककच दशमान पद्धतीमुळे बाद झाले होते.

चवीविषयीचे तीन समज या वादाला चिकटून आले. स्कॉटलंडमध्ये हॉप (बिअरला कडूपणा व गंध देणारी फुले) पिकत नाही म्हणून तेथील एलमध्ये हॉप कमी, हा पहिला. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) रस फार वेळ उकळून त्याची साखर करपवत, हा दुसरा. माल्ट पीटच्या (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुरावर वाळवत, हा तिसरा. बिअरच्या इतिहासाचे अभ्यासक रॉन पॅटिन्सन यांनी ब्रुअऱ्यांच्या जुन्या नोंदवह्या तपासून पहिले दोन खोडून काढले आहेत. एडिंबरोच्या ब्रुअऱ्या भारतासह परदेशी पाठवण्यासाठी कडू पेल एल मोठ्या प्रमाणात बनवत होत्या, ही गोष्टही पहिल्या समजाशी जुळत नाही. धुराचा समज बहुधा व्हिस्कीवरून बिअरवर आला असावा. अमेरिकेतील बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या २००८ च्या निकषांत धुराची छटा चालत असे. २०१५ च्या निकषांत ती अमान्य झाली. तेव्हा हॅगिसबरोबर धुरकट बिअर हवी असल्यास ती खुशाल घ्यावी, परंपरेच्या नावाने घेऊ नये.

निवड : सध्याच्या वर्गीकरणानुसार ७०/- (हेवी) मध्ये अल्कोहॉल सु. ३·२–३·९%, ८०/- (एक्स्पोर्ट) मध्ये ३·९–६% आणि वी हेवी या सर्वांत कडक एलमध्ये ६·५–१०% असते. मुख्य जेवणाला ८०/- ही सर्वांत सुरक्षित निवड होय. तिच्या माल्टचा उरलेला गोडवा मिरीचा झणका आवरतो, बेताचा कडूपणा चरबी कापतो आणि सलगमाच्या गोडीशी तिचे जमते. डनबारच्या बेलहॅवन (स्थापना १७१९) ब्रुअरीची ८०/- हा तिचा परिचित नमुना. मात्र ब्रुअरीचे वय आणि मालकी पाहता तिला ‘क्राफ्ट’ (छोट्या, स्वतंत्र ब्रुअऱ्यांपैकी) म्हणावे का, यावर मतभेद आहेत.

सूप कोंबडी व लीक या कांद्यासारख्या भाजीचे असेल, तर अलोआच्या विल्यम्स ब्रदर्सची फ्राओख (५%) चांगली लागते. तिच्यात हेदर या रानझुडपाची फुले आणि बॉग मर्टल हे सुवासिक झुडूप वापरतात. ही स्कॉटलंडमधील प्राचीन पिक्ट लोकांची एल असल्याची आख्यायिका जुनी असली, तरी आजची कृती १९८० च्या दशकाच्या अखेरची आहे. धुरी दिलेल्या हॅडॉक माशाचे सूप असल्यास फाइन एल्सची यार्ल (३·८%) अधिक योग्य, कारण तिच्या सिट्रा हॉपचा लिंबूवर्गीय गंध माशाला मानवतो.

शेवटच्या टप्प्यासाठी वी हेवी. हे नाव प्रेस्टनपॅन्सच्या फाउलर ब्रुअरीच्या छोट्या बाटलीतील कडक एलमुळे रूढ झाले. ट्रॅक्वेअर हाउस या जुन्या वाड्याची एल (७·२%) ओकच्या पिंपांत आंबवतात. तेथील जुनी ब्रुअरी १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच घरच्या जॅकोबाइट एलमध्ये (८%) धणे असल्याने ती चीजपेक्षा क्लूटी डंपलिंग या मसालेदार पुडिंगला शोभते. ऑर्कनीची स्कल स्प्लिटर (८·५%) निळ्या बुरशीच्या चीजसमोरही टिकते. हार्विस्टनची ओला दुव हायलँड पार्क व्हिस्कीच्या पिंपांत मुरवलेली असते. व्हिस्कीचे टोस्ट टाळणाऱ्यांना तिचा छोटा पेला देता येतो.

प्रमाण व चुका : आठ जणांसाठी हेदर एलच्या ५०० मिलि.च्या तीन, ८०/- च्या चार आणि वी हेवीच्या ३३० मिलि.च्या चार बाटल्या पुरतात. माणशी हे सु. सव्वातीन ब्रिटिश युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलि. शुद्ध अल्कोहॉल) होतात आणि २५ मिलि. व्हिस्की धरल्यास सव्वाचार. सर्वांत सामान्य चूक म्हणजे कडू अमेरिकी धर्तीची आयपीए (इंडिया पेल एल) हॅगिसबरोबर देणे : हॉपचा कडूपणा काळजाच्या कडवटपणात मिसळतो आणि मिरी घशाला चरचरते. दुसरी, वी हेवी आधी उघडणे. तिच्यानंतर ८०/- पाणचट वाटते. तिसरी, फ्रिजमधून थेट वाढणे. ४ अंशांना माल्टचा गंध दबतो, म्हणून हेदर एल ८–१० अंश से., ८०/- सु. १२ आणि वी हेवी १३–१४ अंशांना द्यावी. तळाशी यीस्ट असलेली बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवावी आणि शेवटचा बोटभर भाग ओतू नये. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या उजेडात ठेवल्यास हॉपमधील घटकांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. त्याला इलाज नाही.

पिंप मागवायचे तर फर्किन (९ गॅलन, ७२ पाइंट) पन्नास-साठ पाहुण्यांखाली परवडत नाही. ते जागेवर किमान २४ तास स्थिरावू द्यावे लागते, तळचे तीन-चार पाइंट गाळात जातात आणि उघडल्यावर सु. तीन दिवसांत चव उतरते. पिंपातील एल निवळण्यासाठी बऱ्याच ब्रुअऱ्या माशाच्या वाताशयापासून काढलेले आयसिंग्लास वापरतात. एडिंबरोच्या मॅक्स्वीन या हॅगिस उत्पादकाने १९८४ मध्ये आणलेले शाकाहारी हॅगिस ठेवले असेल, तर बिअरही आयसिंग्लासपासून मुक्त आहे ना, हे ब्रुअरीला विचारून घ्यावे. ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांना यांपैकी बहुतेक एल चालत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०१४ पासून वाहनचालकांसाठी मर्यादा १०० मिलि. रक्तात ५० मिग्रॅ. अल्कोहॉल अशी आहे. ती आधीच्या ८० मिग्रॅ.पेक्षा बरीच कडक असल्याने वरील प्रमाणात पिणाऱ्याने गाडी चालवू नये. जेवण उशिरा संपले असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळीही काळजी घ्यावी.