सिग्नल पूर्ण, पान कोरं

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं, पण ब्राउझरमध्ये पान काही उघडत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत पहिली कृती ठरलेली असते: राउटर बंद करायचा, थोडं थांबून चालू करायचा. बऱ्याचदा त्याने काम होतंही. पण बिघाड कुठे होता हे कळत नाही, म्हणून तोच बिघाड पुढच्या आठवड्यात परत हजर होतो. माझा आग्रह असा की बटणाला हात लावण्याआधी दोन मिनिटं काढून नेमकं कुठे तुटलंय ते पाहावं. त्यासाठी लागणारं सगळं लॅपटॉपमध्येच असतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. ते चिन्ह इंटरनेटबद्दल फार काही सांगत नाही. लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या रेडिओलहरी किती जोरात येताहेत, एवढंच ते दाखवतं. राउटरच्या पुढे फायबरची पेटी, पेटीतून भिंतीबाहेर गेलेली काचेची तार, कंपनीचं जाळं आणि शेवटी ती वेबसाइट. यातलं काहीही बंद पडलं तरी चिन्ह दिमाखात पूर्णच दिसणार. म्हणून पहिली चाचणी फुकटची: त्याच वाय-फायवर मोबाइल चालतोय का ते पाहा, मात्र मोबाइल डेटा बंद करून. डेटा चालू राहिला की फोन त्यावरूनच पान उघडून देतो आणि आपली फसगत होते. मोबाइल चालला तर दोष लॅपटॉपकडे आहे. मोबाइलही अडला तर लॅपटॉपच्या सेटिंग्ज उचकण्यात अर्थ नाही.

आता लॅपटॉपलाच विचारू. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजी अक्षरांत 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं की बऱ्याच ओळी येतात. त्यातल्या वायरलेस अडॅप्टरखालच्या दोन ओळी आपल्या कामाच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे लॅपटॉपचा पत्ता, आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला घरात घेतलं आहे; काही राउटर १० ने सुरू होणारे पत्ते देतात, तेही ठीक. पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावं की लॅपटॉपने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिलं नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक घेतला. अशा पत्त्यावर बाहेरचं जग दिसत नाही. तेव्हा ते नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडावं. तरीही तेच झालं, तर राउटरकडे वाटायला ठेवलेले पत्ते संपलेले असू शकतात किंवा राउटरच अडकलेला असतो, आणि तेव्हा तो बंद-चालू करणं खरंच योग्य ठरतं.

पत्ता ठीक असेल तर पुढची आज्ञा 'पिंग'. पिंग, एक जागा सोडून गेटवेचा आकडा, आणखी एक जागा सोडून उणे चिन्हाला जोडून 'टी'. लॅपटॉप आता दर सेकंदाला राउटरला एक छोटी हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहीत जातो. निरोगी घरात आकडे २, ३, २, ४ असे शांत येतात. ३, २८०, ४, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', १९० असं नाचायला लागले तर दोष हवेत आहे: लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या काही मीटरांत. कंपनीला फोन करून उपयोग नाही.

गेटवेची उत्तरं शांत असतील तर ८.८.८.८ ला पिंग करा; हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. इथून उत्तर नाही म्हणजे दोष घराबाहेर किंवा फायबरच्या पेटीत. पेटीवर इंग्रजीत 'एलओएस' (LOS) असं लिहिलेला दिवा लाल झालाय का ते बघा. तो लाल म्हणजे तारेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही. कपाट भिंतीला सरकवताना फायबरची पिवळी किंवा पांढरी तार मागे काटकोनात दुमडली गेली, तरी हे होतं. काचेच्या तंतूत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. वळण फार तीव्र झालं की तो बाहेर गळतो. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तारेच्या उघड्या टोकात डोकावून बघू नये.

आणि ८.८.८.८ उत्तर देतो, पण वेबसाइटचं नाव टाकलं की काही नाही? मग नावाचं आकड्यात रूपांतर करणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, रुसलेली आहे. सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलं की बहुतेक वेळा काम भागतं.

या सगळ्यात मला सर्वांत रंजक वाटतो तो हवेतला टप्पा, आणि घरच्या तक्रारींचं मूळही पुष्कळदा तिथेच सापडतं. राउटर साधारण १०० मिलीवॉटचा रेडिओ आहे. पलीकडच्या खोलीतल्या लॅपटॉपला उणे ७० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) इतका सिग्नल मिळतो, तेव्हा त्याच्या अँटेनापर्यंत आलेली शक्ती त्या १०० मिलीवॉटच्या शंभर कोटींव्या भागाइतकी असते. एवढ्यातूनही चित्रपट विनाअडथळा चालतो ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

मधे अडथळे काय आहेत ते यावरून महत्त्वाचं ठरतं. सिमेंटच्या भिंतीतल्या सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे लहरींचे खरे शत्रू. लाकूड आणि जिप्समचं पार्टिशन त्या मानाने मवाळ. टीव्हीच्या युनिटमध्ये दाराआड लपवलेला राउटर शोभेला बरा दिसतो, पण सिग्नलचं नुकसान करतो. तो उघड्यावर, छातीइतक्या उंचीवर आणि घराच्या मध्याजवळ असावा.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे परावर्तन. वाय-फाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतं; त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. थेट आलेली लहर आणि भिंतीवर आपटून आलेली लहर लॅपटॉपपाशी एकत्र येतात. दोघींचे शिखर जुळले तर सिग्नल वाढतो, एकीचं शिखर दुसरीच्या दरीवर आलं तर तो कोसळतो. चांगल्या आणि वाईट जागांमधलं अंतर अनेकदा पाच-सहा सेंटिमीटर एवढंच असतं. म्हणून पिंगचे आकडे चालू ठेवून लॅपटॉप टेबलावर चार बोटं सरकवून बघा. त्याच खुर्चीत, त्याच टेबलावर आकडे सुधारलेले दिसू शकतात. या प्रतिध्वनींच्या गोंधळातून माहिती वेगाने आणि शाबूत कशी न्यायची, यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या जॉन ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी उपाय शोधला. त्याचं अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळालं. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रातले. फुटणाऱ्या कृष्णविवरांच्या क्षीण खुणा शोधण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये घरी वापरायला परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये. पहिला पट्टा चिंचोळा आहे. त्यात १ ते १३ चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे कप्पे, असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत. परस्परांना न धडकणारे म्हणून रूढ असलेले तीनच: १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईतल्या इमारतीत रात्री जेवणानंतर नेटवर्कांची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसावीत यात नवल नाही. वाय-फायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचं: दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं, मग थोडा यादृच्छिक वेळ जाऊ देऊन आपलं बोलायचं. गर्दीत हे थांबणंच वाढत जातं. त्यात भर म्हणजे दूरच्या खोलीतला दुबळ्या सिग्नलचा लॅपटॉप तोच मजकूर फार सावकाश पाठवतो. नळावर रांग असावी आणि एकाच्या घागरीचं तोंड चिंचोळं असावं, तसं होतं. प्रत्येकाला घागर एकच, पण त्या एकाच्या वेळेपायी मागचे सगळे खोळंबतात. म्हणून एका लॅपटॉपचा सिग्नल सुधारला की घरातल्या बाकीच्यांचाही वेग वाढतो.

राउटरच्या जवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा. तिथे जागा प्रशस्त आहे आणि तुमच्या शेजाऱ्याच्या लहरी भिंतीतच बऱ्याच जिरतात. दोन-तीन भिंती पलीकडे मात्र तुमच्याही जिरतात, तिथे २.४ च बरा.

चॅनेलवरून एक खास आपल्याकडची अडचण सांगतो, कारण ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतून लॅपटॉप पाठवते, आणि घरातले सगळे फोन चालत असताना त्या लॅपटॉपला घरचं नेटवर्क यादीत दिसतच नाही. अमेरिकेत १ ते ११ हेच चॅनेल वापरात असल्यामुळे तिथल्या बाजारासाठी बनलेली काही उपकरणं १२ आणि १३ ऐकत नाहीत. राउटर नेमका १३ वर बसला असेल तर त्या लॅपटॉपच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. राउटर ११ वर आणला की दिसायला लागतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. आत शेकडो वॉट असल्यामुळे दाराच्या फटीतून आरोग्याला निरुपद्रवी असलेली किंचित गळतीही लॅपटॉपला मिळणाऱ्या सिग्नलपुढे प्रचंड ठरते. दूध गरम होताना व्हिडिओ कॉल तुटत असेल तर कारण हे. याच पट्ट्यात ब्लूटूथही आहे, पण ते सेकंदाला शेकडो वेळा जागा बदलत असल्यामुळे सहसा निभावून जातं. अनपेक्षित अपराधी म्हणजे यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क. तिच्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. डिस्क लावली की वाय-फाय रडतं आणि वायरलेस माउस अडखळतो, ही त्याची खूण. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावावी, केबल चांगली वापरावी, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जावं.

हवा स्वच्छ आहे, मोबाइल चालतो, फक्त लॅपटॉप अडतो, तर काही गोष्टी झटपट पाहण्यासारख्या. एअरप्लेन मोड चुकून दाबला गेला आहे का. झोपेतून उठवल्यावरच वाय-फाय हरवत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढावी. तारीख-वेळ बरोबर आहे का हेही जरूर पाहा: जुन्या लॅपटॉपमधली छोटी बटण-बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, मग सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं लॅपटॉपला चुकीच्या काळातली वाटतात आणि बँकेपासून ईमेलपर्यंत सगळं नाकारलं जातं. स्टेशनवर किंवा हॉटेलात लॉगिनचं पान येत नसेल तर पत्त्याच्या सुरुवातीला https ऐवजी नुसतं http असलेली एखादी साधी साइट उघडावी. सुरक्षित साइट मधल्यामधे दुसऱ्या पानाकडे वळवता येत नाही, म्हणून ते पान अडून राहतं.

आणि शेवटी लोखंडातला, म्हणजे लॅपटॉपच्या सुट्या भागांतला, दोष. बहुतेक लॅपटॉपांत अँटेना पडद्याच्या कडेला बसवलेले असतात. तिथून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून खाली येतात आणि वाय-फायच्या कार्डावर दोन-तीन मिलिमीटरच्या टोपणांनी दाबून बसवलेल्या असतात. पडदा हजारो वेळा उघडमिट झाल्यावर बिजागरीतली तार पिचू शकते. रॅम किंवा एसएसडी बदलताना एखादं टोपण निघून तसंच राहू शकतं. ओळखायची रीत सोपी: राउटरशेजारी बसूनही सिग्नल अर्धाच दिसतो, आणि पिंग चालू ठेवून पडदा हळूहळू मागेपुढे केला की आकडे बदलतात. दुरुस्तीच्या दुकानात एवढं सांगितलं तर कारागीर विंडोज नव्याने टाकत बसण्याऐवजी मागचं झाकण खोलून आधी ती दोन टोपणं दाबून बघेल. तार पिचलेलीच निघाली आणि बदलणं महागात जात असेल, तर काही शे रुपयांचा यूएसबी वाय-फाय डोंगल लावून जुना लॅपटॉप आणखी काही वर्षं चालतो.