कापणी न मागणारी हिरवळ

बागेतील गवताची हिरवळ दिसायला साधी असली, तरी ती टिकवणे म्हणजे निसर्गाच्या ओढीविरुद्ध अखंड काम करत राहणे होय. जमीन मोकळी सोडली की तिच्यावर आधी गवत व लहान रोपे, मग झुडुपे आणि पुरेसा पाऊस असेल तेथे शेवटी वृक्ष असा क्रम सुरू होतो. हा क्रम पहिल्याच पायरीवर रोखून धरण्यासाठी आपण कापणी, पाणी, खत आणि तणनाशक यांचा आधार घेतो. म्हणूनच हिरवळीला पर्याय शोधताना कोणते रोप सुंदर दिसेल यापेक्षा या जागेतल्या उन्हात, ओलीत आणि मातीत कोणते रोप आपल्या मदतीवाचून तग धरेल, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

गवताला कापणी सोसते याचे कारण त्याच्या रचनेत आहे. रुंद पानांच्या बहुतेक वनस्पती खोडाच्या टोकावरील विभाजी ऊतींमुळे, म्हणजे सतत नव्या पेशी तयार करणाऱ्या भागामुळे, उंच वाढतात. टोक छाटले की ती वाढ थांबते आणि रोपाला बाजूच्या डोळ्यांतून नव्याने सुरुवात करावी लागते. गवताचे पाते मात्र बुडाकडून वाढते आणि त्याचे वाढीचे केंद्र जमिनीलगत, यंत्राच्या पात्याच्या खाली सुरक्षित राहते. त्यामुळे प्रत्येक कापणीत गवताचे प्रतिस्पर्धी मागे पडतात. पण याची किंमतही गवतालाच मोजावी लागते. वारंवार आखूड कापलेले गवत आपली साखर आधी नवी पाती काढण्यात खर्च करते, मुळांची वाढ खुंटते, उथळ मुळांना वरच्या थरातलेच पाणी मिळते आणि तो थर लवकर सुकतो. शिवाय कापलेली पाती उचलून नेली की त्यांच्यातला नत्रही जागेवरून जातो. मग पाणी आणि खत द्यावे लागते, त्याने गवत जोमाने वाढते आणि पुन्हा कापावे लागते. या चक्राचा आवाका लहान नाही. अमेरिकेतील हिरवळींनी सुमारे 1 लाख 60 हजार चौरस किलोमीटर जमीन व्यापली असल्याचा अंदाज क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली मांडला. तेथील ओलिताखालच्या मक्याच्या क्षेत्राच्या तो जवळजवळ तिप्पट आहे.

पर्यायांमध्ये पांढऱ्या क्लोव्हरची, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या एका शेंगवर्गीय वनस्पतीची, गोष्ट विशेष बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यांच्या मिश्रणात क्लोव्हरचे बी सर्रास घातले जात असे. युद्धानंतर 2,4-डी हे तणनाशक बाजारात आले. ते गवताला सोडून रुंद पानांच्या वनस्पती मारते, आणि त्यात क्लोव्हरही मरत असे. पुढे त्याचीच गणना तणांत होऊ लागली. वनस्पतीत काहीच बदलले नव्हते. आपले रसायन तिला वगळू शकत नव्हते, एवढेच.

क्लोव्हरचे एक रोप हलक्या हाताने उपटून मुळे पाण्यात धुतली, तर त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी दिसतात. एखादी गाठ नखाने चिरली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर हवेतील नत्र रोपाला वापरता येईल अशा रूपात आणणारे तिच्यातले ऱ्हायझोबियम जिवाणू कामावर आहेत, असे समजावे. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. हे काम करणारे जिवाणूंचे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होते, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच असतो. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि मोजका मोजका पुरवते. असा मिळवलेला नत्र प्रथम रोपालाच उपयोगी पडतो, आणि जुनी मुळे व पाने कुजल्यावर त्यातला काही वाटा शेजारच्या गवतापर्यंत पोहोचतो. उष्ण हवामानात हेच काम पिवळ्या फुलांचा, मूळचा ब्राझीलचा बहुवर्षायू भुईमूग करतो.

जागा उथळ मातीची आणि रखरखीत उन्हाची असेल, तर सेडम या मांसल पानांच्या वनस्पतीच्या बुटक्या जाती योग्य ठरतात. यांतील अनेक जाती पाण्याचा ताण पडल्यावर पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा त्यावर प्रकाशसंश्लेषण करतात, त्यामुळे बाष्पाचा व्यय पुष्कळ कमी होतो. दाट सावलीत आणि ओलसर जागी गवत नेहमीच खुरटते. तेथे त्याच्याशी झगडण्यापेक्षा मॉसला जागा द्यावी. मॉसला खरी मुळे नसतात, मुळांसारख्या बारीक तंतूंनी (मूलाभांनी) ते जमिनीला धरून राहते आणि पाणी थेट पानांतून शोषते. अनेक जाती पूर्ण सुकल्या तरी पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात.

एकाच जातीवर विसंबण्यापेक्षा मिश्रण बरे, असे अनुभव सांगतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने आपल्या प्रसिद्ध हिरवळीच्या एका भागात रानफुलांचे कुरण वाढवले, आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे वनस्पती, कोळी आणि कीटक यांच्या जाती हिरवळीच्या तिपटीहून अधिक आढळल्या. देखभाल आणि खत कमी झाल्याने वाचणारे उत्सर्जन दर हेक्टरी, दर वर्षी सुमारे 1.36 टन कार्बन डायऑक्साइडइतके असल्याचेही त्यात म्हटले आहे.

तरीही मुले जेथे रोज खेळतात तेथे गवतच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पायाखालची इतकी वर्दळ सोसणाऱ्या वनस्पती फार थोड्या आहेत. तेथे कापणीची उंची वाढवावी, एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये आणि कापलेली पाती तेथेच पसरू द्यावीत. प्लास्टिकचे कृत्रिम गवत मी पर्यायात धरत नाही. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सियसच्या वर तापू शकतो आणि झिजताना त्याचे बारीक कण मातीत मिसळतात. फुलणाऱ्या आच्छादनावर मधमाश्या येतात, म्हणून अनवाणी चालण्याच्या वाटेवर फुले खुडलेली बरी. आक्रमक जातींपासूनही सावध राहावे. जलपिंपळी कोरड्या जागी उत्तम पसरते, पण ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत तिच्या अगदी जवळच्या नात्यातल्या लिपिया या वनस्पतीने चराऊ कुरणे गिळली आहेत. पिवळ्या फुलांची वेडेलिया तर जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत आहे.

जुने गवत काढण्यासाठी खोदण्यापेक्षा त्याचा प्रकाश तोडणे सोपे असते. गवत शक्य तितके आखूड कापून, भरपूर पाणी देऊन, त्यावर छपाई व चिकटपट्टी नसलेले पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरावेत आणि वर पालापाचोळ्याचा किंवा कंपोस्टचा जाड थर द्यावा. काही महिन्यांत बहुतेक गवत मरते. हरळी मात्र जमिनीखालच्या आडव्या खोडांतील साठ्यावर जास्त काळ जगते आणि पुठ्ठ्याच्या फटीतून डोके वर काढते, तेव्हा कडेने सतत लक्ष ठेवून ती उपटावी लागते. नवी रोपे दाट लावावीत, कारण उघडी राहिलेली प्रत्येक वीत तणांना मिळते. पहिले एक-दोन हंगाम निंदणी आणि पाणी चुकत नाही. आच्छादन मिटून आले की दोन्ही झपाट्याने कमी होतात.