ग्रामीण गृहरचना मार्गदर्शिकांवरील लोकविचारविनिमय (इंग्लंड)

इंग्लंडच्या ग्रामीण जिल्ह्यांत नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांचे रूप, मांडणी, बांधकामसाहित्य आणि भोवतालच्या वस्तीशी व शिवाराशी त्यांचे नाते कसे असावे, हे सांगणारी मार्गदर्शिका स्थानिक नियोजन प्राधिकरण (बहुधा जिल्ह्याची निर्वाचित कौन्सिल) तयार करते. तिचा मसुदा मंजूर करण्यापूर्वी रहिवासी, पॅरिश कौन्सिले (गावपातळीवरील निर्वाचित मंडळे), बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद आणि शासकीय संस्था यांच्याकडून हरकती व सूचना मागवण्याच्या प्रक्रियेला लोकविचारविनिमय म्हणतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियोजन कायदे वेगळे असल्याने ही नोंद इंग्लंडपुरती मर्यादित आहे.

नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९४७ या कायद्याने जवळपास प्रत्येक नव्या बांधकामाला नियोजन परवानगी सक्तीची केली. बांधता येईल की नाही, एवढे त्यामुळे ठरू लागले. पण जे बांधले जाईल ते कसे दिसावे, याविषयी प्राधिकरणांकडे फारसे ठोस बोलण्यासारखे नव्हते. परिणामी युद्धोत्तर काळात खेड्यांच्या कडेला ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या नॉरफोकमध्ये पाहिल्या काय किंवा डेव्हनमध्ये पाहिल्या काय, सारख्याच दिसू लागल्या : रुंद वळणदार रस्ता, त्यापासून ठरावीक अंतर सोडून उभी असलेली एकाच नमुन्याची घरे आणि प्रत्येकापुढे हिरवळीचा चौकोन. या एकसुरीपणाला पहिले मोठे उत्तर एसेक्स परगण्याच्या कौन्सिलने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचना-मार्गदर्शिकेने दिले. घरे रस्त्याच्या कडेला सलग उभी करून त्यांच्यामध्ये बंदिस्त अवकाश निर्माण करावेत, उतरत्या छपरांचे व भिंतींचे प्रमाण स्थानिक जुन्या इमारतींवरून घ्यावे आणि वाहनांच्या वळणाला संपूर्ण वसाहतीचा आकार ठरवू देऊ नये, अशी तिची भूमिका होती. पुढील काळात तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तिच्यावर जुन्या शैलीची वरवरची नक्कल वाढवल्याचा आक्षेप घेतला जातो आणि तो पूर्णपणे निराधार नाही. तरीही घरांच्या दर्शनी रूपाविषयी सार्वजनिक संस्थेने चित्रांसह, मापांसह बोलावे हा पायंडा तिनेच पाडला.

नियोजनात लोकांना विचारले पाहिजे, हा आग्रह जवळपास त्याच सुमारास मूळ धरत होता. १९६८ च्या नियोजन कायद्याने आराखडे तयार करताना लोकसहभागाला स्थान दिले आणि आर्थर स्केफिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ मध्ये हा सहभाग प्रत्यक्षात कसा घडवावा यावर अहवाल सादर केला. त्याच वर्षी अमेरिकेत शेरी आर्नस्टीन यांनी नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत विचारविनिमय चौथ्या पायरीवर येतो आणि त्याची गणना नाममात्र सहभागात होते, कारण लोकांचे म्हणणे ऐकून घेतले जाते, पण निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे येत नाही. इंग्लंडमधील प्रक्रियेला हे वर्णन आजही लागू पडते. मार्गदर्शिका मंजूर करण्याचा अधिकार निवडून आलेल्या कौन्सिलकडेच असतो आणि अभिप्रायांची मोजणी मतांसारखी होत नाही.

ग्रामीण भागात याहून वेगळी वाट १९९० च्या दशकात कंट्रीसाइड कमिशन या ग्रामीण परिसराची काळजी वाहणाऱ्या शासकीय संस्थेच्या प्रोत्साहनाने निघाली. गावकऱ्यांनी स्वतः गावात फिरावे, छायाचित्रे काढावीत, कुंपणे, वळणे, छपरे आणि मोकळ्या जागा यांची नोंद करावी आणि त्यातून आपल्या गावाचे रचना-निवेदन लिहावे, अशी ती कल्पना होती. केंब्रिजशायरमधील कॉटनहॅम गावाचे १९९४ चे निवेदन हे या प्रकारातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. कार्यालयात तयार झालेला मसुदा लोकांपुढे ठेवणे आणि लोकांनी टिपलेल्या निरीक्षणांतून मसुदा तयार होणे, यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या पद्धतीत वेळ अधिक जातो, मात्र हाती येणारा मजकूर त्या गावाशिवाय दुसऱ्या कुठल्या गावाला चिकटवता येत नाही, आणि मार्गदर्शिकेकडून नेमकी हीच अपेक्षा असते.

आजच्या प्रक्रियेचा कायदेशीर पाया नियोजन व सक्तीची खरेदी अधिनियम, २००४ आणि त्याखालील २०१२ च्या नियमांत आहे. रचना-मार्गदर्शिका बहुतेक वेळा पुरवणी नियोजन दस्तऐवज, म्हणजे प्राधिकरणाच्या मुख्य आराखड्याला जोडलेला पूरक दस्तऐवज, म्हणून मंजूर केली जाते. तिचा मसुदा संकेतस्थळावर आणि प्राधिकरणाच्या कार्यालयात पाहण्यास ठेवावा लागतो व अभिप्रायांसाठी किमान चार आठवड्यांची मुदत द्यावी लागते. अनेक प्राधिकरणे सहा आठवडे देतात. कोणाला विचारले, त्यांनी कोणते मुख्य मुद्दे मांडले आणि त्यांचा मसुद्यात कसा विचार झाला, हे सांगणारे निवेदनही प्रसिद्ध करावे लागते. शिवाय प्रत्येक प्राधिकरण आपण लोकांना केव्हा व कसे सहभागी करून घेणार याचे स्वतंत्र धोरण जाहीर करते आणि ते पाळणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. मंजुरीनंतर तीन महिन्यांच्या आत दस्तऐवजाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते.

विचारविनिमय प्रामाणिक होता की नाही, हे न्यायालये ज्या कसोट्यांवर तपासतात त्या नगररचनेतून आलेल्या नाहीत. लंडनमधील ब्रेंट येथील शाळा बंद करण्यासंबंधीच्या १९८५ च्या गनिंग खटल्यात चार तत्त्वे पुढे आली. प्रस्ताव घडणीच्या अवस्थेत असतानाच लोकांना विचारावे. विचारपूर्वक उत्तर देता येईल इतकी कारणे व माहिती द्यावी. पुरेसा वेळ द्यावा. आणि आलेली उत्तरे निर्णय घेताना सद्सद्विवेकाने विचारात घ्यावीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हॅरिंगे कौन्सिलविरुद्धच्या मोझली खटल्यात या तत्त्वांना मान्यता दिली आणि त्या प्रकरणात नाकारलेल्या पर्यायांचीही लोकांना कल्पना द्यायला हवी होती असे ठरवले. गृहरचनेच्या संदर्भात पहिले तत्त्व सहज दुखावले जाते. आकृत्या, छायाचित्रे व मुखपृष्ठासह छपाईला तयार असलेला मसुदा पाहिला की त्यात बदल होईल असा विश्वास वाचणाऱ्याला वाटत नाही.

येणाऱ्या अभिप्रायांचे स्वरूप ग्रामीण भागात विशेष असते. छपराचा उतार हे त्याचे चांगले उदाहरण आहे. गवती शाकारणी किंवा मातीची लहान सपाट कौले पाणी आत येऊ न देण्यासाठी तीव्र उतार मागतात, म्हणून जुन्या घरांची खोली (पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर) कमी आणि छप्पर उंच असते. नवी घरे खोल आराखड्याची असतात. त्यांना तसाच उतार दिला तर छप्पराचा आढा शेजारच्या घरांच्या वर जातो आणि उतार कमी केला तर घर बैठे, परके दिसते. ‘नवी घरे गावाच्या स्वरूपाशी सुसंगत असावीत’ असे वाक्य मसुद्यात असेल, तर हा पेच कोणीच सोडवत नाही आणि प्रत्येक अर्जदार त्या वाक्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. त्याऐवजी घराच्या खोलीची मर्यादा, उताराचा अंश आणि आढ्याची दिशा मसुद्यात दिली, तर त्यावर हरकत घेता येते, चर्चा होते आणि पुढे अर्ज तपासताना ती वाक्ये उपयोगीही पडतात. साहित्याबाबतही तसेच आहे. कॉट्सवोल्डमधील चुनखडीचा दगड, नॉरफोकमधील गारगोटीच्या भिंती, सफक व एसेक्समधील गिलाव्यावरील नक्षी आणि डेव्हनमधील मातीच्या जाड भिंती ही सारी त्या त्या जमिनीची देणगी आहे. ‘पारंपरिक साहित्य वापरावे’ या वाक्यात त्यांतले काहीच टिकत नाही.

पॅरिश कौन्सिले सहसा याहून रोजच्या गोष्टींवर बोट ठेवतात. बससेवा तुरळक असल्याने एका घरात दोन-तीन मोटारी असतात. गॅरेज अरुंद असेल तर ते अडगळीची खोली होते आणि मोटारी पदपथावर येतात. कचरागाडीला वळायला जागा नसेल तर डबे कोपऱ्यावर साचतात. रस्त्यालगतचा चर बुजवला की खालच्या घरांत पाणी शिरते. जिवंत झुडपांची कुंपणे तोडून लाकडी फळ्या लावल्या की गावाची हद्द एका हंगामात बदलते. रस्त्यावरचे दिवे हवेत की रात्रीचा अंधार जपावा, यावर एकाच गावात दोन मते असतात. ही माहिती नकाशावर दिसत नाही. अशा सूचना क्षुल्लक समजून ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा मारणे ही कामाची हानी आहे, कारण मंजूर झालेली वसाहत पुढची अनेक दशके याच गोष्टींवर चांगली किंवा वाईट ठरते. बांधकाम व्यावसायिकांचे अभिप्राय बहुधा सल्लागारांमार्फत येतात आणि त्यांचा भर मापे सक्तीची नसावीत, प्रत्येक जागेची आर्थिक व्यवहार्यता पाहावी यावर असतो. ते दीर्घ, कायदेशीर आणि मुद्द्याला धरून असतात. त्यामुळे गावकऱ्याच्या चार ओळींच्या पत्रापेक्षा त्यांना जास्त वजन मिळण्याचा धोका राहतो.

या प्रक्रियेतील सर्वांत मोठा विसंवाद तिच्या व्याप्तीतून निर्माण होतो. लोक सभेला येतात ते गावात इतकी घरे का आणि याच शेतात का, हे विचारण्यासाठी. पण संख्या व जागा प्राधिकरणाच्या मुख्य, म्हणजे स्थानिक आराखड्यात ठरतात, मार्गदर्शिकेत नाही. पुरवणी दस्तऐवज आराखड्यातील धोरणाचे स्पष्टीकरण करू शकतो, नवे धोरण आणू शकत नाही. लेस्टरशायरमधील चार्नवुड प्राधिकरणाने लहान-मोठ्या घरांची टक्केवारी अशा दस्तऐवजातून ठरवू पाहिली, तेव्हा २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आपल्या घराची किंमत घटेल किंवा खिडकीतून दिसणारे दृश्य जाईल, हे आक्षेपही नियोजनाच्या निर्णयात ग्राह्य धरले जात नाहीत. ही मर्यादा पहिल्याच पानावर साध्या भाषेत सांगितली नाही, तर आपले म्हणणे डावलले गेले ही भावना उरते आणि पुढच्या वेळी उत्तरेच येत नाहीत.

दुसरी उणीव प्रतिनिधित्वाची आहे. विचारविनिमयाला उत्तर देणारे त्या गावात आधीपासून राहणारे, बहुधा स्वतःचे घर असलेले आणि वेळ असलेले लोक असतात. ज्यांच्यासाठी घरे बांधायची ते भाडेकरू, तरुण आणि गावात घर न परवडल्याने बाहेर गेलेले लोक त्या यादीत क्वचितच असतात. शाळांमधील कार्यशाळा, शेतमजूर व सामाजिक गृहनिर्माण संस्थांच्या रहिवाशांशी थेट भेटी आणि संध्याकाळच्या पायी फेऱ्या यांनी ही त्रुटी काही प्रमाणात भरून निघते, म्हणून त्यांना ऐच्छिक जोड न मानता प्रक्रियेचाच भाग मानणे योग्य ठरते.

अलीकडील वर्षांत या विषयाला राष्ट्रीय पातळीवर वजन आले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये चांगल्या रचनेची दहा वैशिष्ट्ये सांगणारी राष्ट्रीय रचना-मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, २०२१ मध्ये तिला नमुना संहितेची (रचनेचे नेमके नियम कसे लिहावेत हे दाखवणाऱ्या दस्तऐवजाची) जोड मिळाली आणि त्याच वर्षी सुधारलेल्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने स्थानिक पसंती लक्षात घेऊन मार्गदर्शिका वा संहिता तयार कराव्यात आणि सुमार रचनेचे प्रस्ताव नाकारावेत असे सांगितले. त्यामुळे मंजूर मार्गदर्शिकेतील प्रत्येक वाक्य परवानगीच्या निर्णयात आणि नकाराविरुद्धच्या अपिलात ते ऐकणाऱ्या नियोजन निरीक्षकापुढे वाचले जाऊ शकते. लेव्हलिंग-अप व पुनरुज्जीवन अधिनियम, २०२३ यात प्राधिकरणाच्या संपूर्ण क्षेत्रासाठी रचनाविषयक अपेक्षा ठरवण्याची आणि पुरवणी दस्तऐवजांच्या जागी पुरवणी आराखडे आणण्याची तरतूद आहे. या आराखड्यांना विकास आराखड्याचा दर्जा असून मंजुरीपूर्वी त्यांची स्वतंत्र तपासणी होते. म्हणजे मसुद्यावर आलेल्या हरकती ज्या संस्थेने तो लिहिला तिच्याबाहेरील परीक्षकापुढेही ठेवल्या जातात.