दूध-भाजीपुरती सायकल घेताना

दूध, भाजी, मुलांची शिकवणी, संध्याकाळी दोन-चार किलोमीटरचा फेरफटका. एवढ्यासाठी आमच्या दुकानात सायकल घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाची नजर आधी जाते ती जाड टायर, पुढचा शॉकअप आणि डिस्क ब्रेकवाल्या सायकलीकडे. कमी किमतीत या तिन्ही गोष्टी बसवायच्या तर कंपनीला कुठेतरी हात आखडावा लागतो. तो आखडतो चाकं, हब (चाकाचा मधला फिरता भाग) आणि क्रँक (पायडल लागतं तो दांडा) यांत, म्हणजे रोज झिजतं नेमकं तिथेच. स्वस्त शॉकअपच्या आत साधी स्प्रिंग असते. त्याने वजन किलोभर वाढतं, पावसात आत गंज धरतो आणि उभं राहून पायडल मारलं की बराच जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. गल्लीतला स्पीडब्रेकर 1.95 इंची टायरसुद्धा पचवतो, हवा नीट असेल तर.

पैसे रिमवर घाला

क्रोमची लोखंडी रिम चकचकीत दिसते, पण ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावर घसरतं. पावसाळ्यात उतारावर दोन्ही ब्रेक दाबूनही सायकल पुढेच जाते ती यामुळे. अॅल्युमिनियमच्या रिमवर रबर कितीतरी चांगलं धरतं. ओळखायची युक्ती सोपी: खिशात लोहचुंबक घेऊन या. चिकटला तर रिम लोखंडी. अॅल्युमिनियम रिम आणि तिला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा व्ही-ब्रेक ही जोडी या कामाला पुरते. रबर झिजलं की कुठल्याही कोपऱ्यावरचा मिस्त्री दहा मिनिटांत बदलून देतो. स्वस्त डिस्कची चकती मात्र स्टँडवर सायकली एकमेकींना रेटल्या तरी वाकते आणि मग चाक फिरताना खर्र-खर्र घासत राहते.

गिअर हवेत का?

सपाट भागात नकोत. 21 गिअरपैकी दोन-तीनच वापरात राहतात आणि सायकल उजवीकडे पडली की मागचा गिअर ज्यावर लटकतो तो कान वाकतो. तसाच गिअर टाकला की मागचा गिअर स्पोकमध्ये अडकतो. वाटेत छोटा चढ असेल तर वेगळा उपाय आहे. साध्या 26 इंची सायकलला बहुधा पुढे 44 आणि मागे 18 दात असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे 5 मीटर जाते. मागे 20 दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) बसवलं की साडेचार मीटर जाते आणि चढ हलका होतो. घेतानाच सांगा, लगेच बदलून देऊ. रोजच घाटासारखा चढ असेल तर मात्र गिअरच घ्या.

माप

सायकलीवर टांग टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. दांडी आणि शरीर यांत दोन-तीन सेंटीमीटर जागा राहिली पाहिजे. साडी नेसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा कॅरिअरवर पिशव्या बांधणाऱ्या कुणालाही खाली वाकलेल्या दांडीची फ्रेम सोयीची. तिला लेडीज म्हणतात म्हणून पुरुषांनी टाळायचं कारण नाही. सीटवर बसून टाच सगळ्यात खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. सीटच्या नळीवर शेवटची खूण असते, ती दिसेल इतकी सीट वर ओढू नका. नळी तिथेच वाकते किंवा फ्रेम चिरते.

खोक्यातून मागवली असेल तर

घरी जोडताना दोन चुका हमखास होतात. पुढचं चाक धरणारा फोर्क उलटा बसतो. ब्रेक फोर्कच्या पुढे दिसायला हवा. दुसरी चूक डाव्या पायडलची. त्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. जोर लावून सुलट पिळलं तर क्रँकचे आटे जातात आणि अख्खा क्रँक बदलावा लागतो.

पहिला महिना

नव्या सायकलीच्या केबल ताणतात, स्पोक बसतात, चाकाला थोडा आउट येतो, म्हणजे ते फिरताना डुलतं. म्हणून महिन्याच्या आत एकदा आणाच. डावा क्रँक हलतोय किंवा कट-कट वाजतोय असं वाटलं तर महिना संपायची वाट पाहू नका. सैल क्रँक चालवत राहिलं की त्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळा, धरत नाही.

हवा आठवड्यातून एकदा. 1.95 टायरला साधारण 40 ते 50 पीएसआय. टायरच्या कडेला आकडा छापलेला असतो, त्यापुढे जाऊ नका. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडली तर दोष खिळ्याचा नसून कमी हवेचा असतो: खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. पेट्रोलपंपावर भरणार असाल तर टप्प्याटप्प्याने, क्षणभर धरून सोडा. एवढीशी ट्यूब काही सेकंदांत फुटते.

जुनी घेत असाल तर

हँडलखालच्या सांध्याजवळ रंगाला भेग किंवा फुगवटा दिसला तर परत फिरा. चेन ताणून मोजा: एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती 12⅛ इंचांवर गेली असेल तर चेन संपली, आणि बहुतेक फ्रीव्हीलही. तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिलावर तोच दर आहे ना बघा, आणि क्रँकच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर बिलावर लिहून घ्या. चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा तोच विचारतात.